पिस्टनची हानी : दुरुस्ती की पुनर्बांधणी?

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील बागायत प्रथम नीरा डाव्या कालव्याच्या आधाराने वाढली. कालव्याचे पाणी पाळीने मिळते. दोन पाळ्यांमधील काळात उसाची तहान भागवावयाची ती विहिरीने. या उपशासाठी डिझेल इंजिने आली, आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर ती पुण्यासच तयार होऊ लागली. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण होऊन इंदापूरच्या भीमाकाठी जलाशयातून पाणी उचलले जाऊ लागले. आता विजेचे पंप सर्वत्र दिसतात. तथापि वीज नसेल तेव्हा भिस्त इंजिनावरच असते. ऐन चैत्र-वैशाखात, दिवसभर चालणारे असे इंजिन एकाएकी जाम होते. पिस्टन व रिंगा बदलून काम भागवावे, की संपूर्ण इंजिन खोलावे, हा प्रश्न मग पीक वाळू लागले असताना सोडवावा लागतो.

पिस्टन का बिघडला, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि लायनर बिडाचा असतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर तो सुमारे ०.१६ मिलिमीटरने फुगतो; तितक्याच तापमानवाढीने लायनर जेमतेम ०.०९ मिलिमीटर वाढतो. थंड करणारे पाणी तुटले की मधली फट नाहीशी होते व पिस्टनवर सभोवार ओरखडे उठतात. माथ्याला खड्डा अथवा भोक पडले असेल, तर गळक्या नॉझलचा संशय घ्यावा. सर्व अंग एकसारखे मळकट घासले असून रिंगा पातळ झाल्या असतील, तर हवेच्या गाळणीतून धूळ आत गेली आहे. हे कारण दूर न करता बसविलेला नवा पिस्टन जुन्याच मार्गाने जातो.

निर्णयाचे खरे ठिकाण मात्र लायनर होय. त्याला चिकटलेले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळते, बिडास इजा होत नाही. हातमोजे व चष्मा मात्र हवाच. लायनर स्वच्छ झाल्यावर त्यावर नख अडकणारा ओरखडा उरला, तर लायनर बदलावा. झीज पाहण्यास बोअर गेज उत्तम. पण ते खेड्यात नसल्यास नवी रिंग व फीलर गेज पुरतात. रिंग लायनरच्या तळाशी, जेथे झीज नसते तेथे, सरळ बसवून तिच्या तोंडाची फट मोजावी. नंतर वर, पहिली रिंग पोचते तेथे मोजावी. दोन्हींतील फरकास ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. खाली ०.३० व वर ०.९३ मिलिमीटर आढळल्यास झीज ०.२० मिलिमीटर झाली. हा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. मर्यादा ओलांडली असता केवळ रिंगा घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. थोड्याच दिवसांत धूर व तेलाचा खप पूर्ववत होतो.

लायनर मर्यादेत असेल, तेलात धातूचा चुरा नसेल आणि कनेक्टिंग रॉड सरळ असेल, तर पिस्टन व रिंगा बदलणे पुरे. चुरा आढळल्यास तो बेअरिंगपर्यंत पोचला असे धरून क्रँक काढावा व त्याची जर्नले मायक्रोमीटरने मोजावीत. ती लंबगोल झाली असल्यास ग्राइंडिंग व त्या मापाची बेअरिंगे आलीच. अशा वेळी सर्व कामाचा खर्च आधी लिहून घ्यावा व नव्या इंजिनाच्या किमतीशी तुलना करावी. घाईच्या दिवसांत शेजाऱ्याचे इंजिन चार दिवस भाड्याने घेणे अनेकदा स्वस्त पडते.

लायनर बदलताना खालच्या रबरी रिंगाही नव्या घालाव्यात, अन्यथा पाणी तेलात उतरते. पहिले काही तास इंजिनावर अर्धाच भार ठेवावा व त्यानंतर तेल बदलावे.