पिवळं झालं की गेलं

"पिवळं झालं की गेलं," प्लेटवरची नजर न काढता ती सांगते. पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा, दुपारची वेळ. तळहाताएवढ्या पारदर्शक प्लेटमध्ये 96 इवले खळगे, म्हणजे 'वेल'. पहिल्या रांगेत औषध नाही; तिथे काही मिनिटांतच हळदीच्या पाण्यासारखा रंग चढतो. पुढच्या रांगांत या पीएचडीच्या विद्यार्थिनीने वर्षभर खपून बनवलेले रेणू आहेत. तिथे तो चढू नये, एवढंच तिचं मागणं.

चाचणीची ही पद्धत एल्मन आणि सहकाऱ्यांची, 1961 सालची. मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या निरोप्याचे तुकडे करणारं एन्झाइम म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. अल्झायमरमध्ये निरोप्या आधीच तुटपुंजा, म्हणून त्याला तोडणारी कात्रीच अडवायची. प्रयोगात निरोप्याचा गंधकवाला भाऊबंद घालतात. तो तुटला की त्याचा गंधकवाला तुकडा रंग देणाऱ्या रसायनाशी भिडतो आणि पिवळा रंग सुटतो. एन्झाइम मात्र विजेचे झटके देणाऱ्या ईल माशाचं. माणसाच्या विसराळूपणाचा हिशेब असा पाण्यातून सुरू होतो.

त्याआधीचं काम संगणकावर: रेणू एन्झाइमच्या रचनेत बसतो का ते पाहायचं, म्हणजे डॉकिंग. या एन्झाइमची रचना 1991 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उलगडली, तीही एका विद्युत माशाच्याच एन्झाइमवरून. आत एक अरुंद घळ निघाली, 20 अँगस्ट्रॉम खोल, म्हणजे मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने जपानमध्ये शोधलेलं डोनेपेझिल या घळीत तळापासून तोंडापर्यंत बसतं. 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध आजही दिलं जातं. ते लक्षणं थोडी सावरतं. आजार थांबवत नाही.

तिचे मार्गदर्शक डॉकिंगच्या रंगीत चित्रांवर फारसे भाळत नाहीत. "244," ते म्हणतात. 2002 ते 2012 या काळात अल्झायमरसाठी 244 औषधरेणूंच्या माणसांवर चाचण्या झाल्या, मान्यता मिळाली एकाला. मेमँटिनला. आणि गंमत म्हणजे ते एन्झाइम अडवणारं नाहीच! पुढे व्हेरुबेसेस्टॅटने बीटा-सिक्रिटेज हे दुसरं एन्झाइम व्यवस्थित अडवलं, अल्झायमरशी जोडलं जाणारं ॲमिलॉइड प्रथिनही घटलं, पण रुग्णांची स्मृती सुधारली नाही. 2018 पर्यंत त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. कात्री अडवता येते, हे सिद्ध करणं सोपं आहे. माणूस सावरेल का, हे प्लेटला ठाऊक नसतं.

तिसऱ्या रांगेतला एक वेल फिकटच राहिला. शेजारचा विद्यार्थी टाळी द्यायला सरसावला, पण तिने हात पुढे केला नाही. रेणूने एन्झाइमला सोडून पिवळा रंगच गिळला असेल तर?

नवा वेल. या वेळी एन्झाइम नाही. रेणू, रंग देणारं रसायन आणि तुटलेल्या तुकड्याच्या जागी गंधकवाल्या मर्कॅप्टोइथेनॉलचा थेंब. बाटली उघडताच कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. दुसरं कुणी खिडकीकडे धावलं असतं, ती पिपेट खाली आणते.

आता पिवळं व्हायलाच हवं होतं. झालं. "म्हणजे फसवत नाहीये," ती म्हणाली आणि दुसरी प्लेट भरायला घेतली. मार्गदर्शकांनी जाता जाता विचारलं, "किती झाले?" ती हसून म्हणाली, "सर, 244 व्हायचेत अजून."