पाऊणकी, भरती आणि चौथीचा वर्ग

अष्टमीला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती सहाच्या सुमारास येते, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हिशोब जुनाच आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. आठाची पाऊणपट सहा, पंधराची सव्वाअकरा; वद्य पक्ष लागला की पुन्हा एकपासून मोजणी. मढच्या कोळीवाड्यात ज्यांच्या घरी डोल लावतात, त्यांना हे कागदावर मांडावं लागत नाही. प्रवाहात बांधलेली ती पिशवीसारखी जाळी पाणी उलटं वळायच्या आत उचलायची असते, त्यामुळे घरातली झोप आणि जेवणंसुद्धा तिथीबरोबर पुढेमागे होतात. अशा घरातलं पोर चौथीत ‘तीन छेद चार’ शिकतं ते मात्र वर्तुळाचे चार भाग करून त्यातले तीन रंगवत.

वर्तुळ वाईट नाही. पण मुलाच्या घरात चालत असलेली पाऊणकी आणि वहीतली पाऊणकी यांची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते. ती योजून, वर्षभराचा विचार करून घालणं म्हणजे बालकेंद्री अभ्यासक्रम. त्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे: भिंती रंगवल्या, बाकं गोलात मांडली आणि मुलांना हवं ते करू दिलं की झालं. प्रत्यक्षात अशा अभ्यासक्रमात शिक्षकाचं काम कमी होत नाही, वाढतं. काय यायला हवं ते मोठ्यांनीच ठरवायचं असतं. सुरुवात कुठून करायची, ते मुलाकडे बघून ठरतं.

आपल्याकडे हे निगुतीने झालं ते याच किनाऱ्यावर, मढच्या बरंच उत्तरेला. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात भरली. मोठी मुलं गुरांमागे जात, तर शाळा कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे नाव ऐकायला काव्यमय वाटतं, पण त्यामागे रोकडा हिशोब होता. गुरं राखणं सोडणं त्या घराला परवडणारं नव्हतं, म्हणून वाकायचं ते शाळेने. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात आज बालस्नेही, बालकेंद्री पद्धतीचा आणि कृतीतून, शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे. कोसबादला तो कायदा यायच्या अर्धशतक आधी त्याचा पाठ चालू होता.

आता समजा, मढमधली एखादी शाळा चौथीसाठी असा आराखडा करायला बसली. पहिलं काम पुस्तक उघडण्याचं नाही, वस्तीत फिरण्याचं. मुलं काय बघतात, कशात हात लावतात, घरी कोणती भाषा बोलतात, सकाळी कोण घरी असतं, याची नोंद करायची. त्यातून वस्तीचं वर्ष हाती लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. नेमकी जूनच्या मध्याला शाळा उघडते, तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात, जाळी दुरुस्तीला निघालेली असतात आणि वडीलमंडळी घरी सापडतात. लांबी-रुंदी मोजायला याहून चांगला मुहूर्त नाही. नारळी पौर्णिमेनंतर किनारा गजबजतो. पाऊस ओसरला की जबडे एकमेकांत अडकवून बोंबील बांबूवर वाळत पडतात. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळची जत्रा. हे सगळं एका मोठ्या कागदावर, महिन्यांच्या रकान्यांत.

त्या कागदाशेजारी दुसरा कागद: राज्याने ठरवलेल्या चौथीच्या अध्ययन निष्पत्ती. अपूर्णांक, मापन, नकाशा, माहिती गोळा करून तक्ता करणं, आपल्या शब्दांत लिहिणं. आता दोन्हींत जोड्या शोधायच्या. काही जोड्या आपसूक लागतात. मढ-वर्सोवा तरीचा प्रवास काही मिनिटांचा. रस्त्याने जायचं तर मार्वे, मालाड असा लांबलचक वळसा. नकाशा, अंतर आणि वेळ यांचा धडा तयारच आहे. बाजारातला वाटा घ्या. वजनकाटा न लावता डोळ्यांनी केलेले वाटे समान असतात का, आणि नसतील तर भाव समान कसा? या प्रश्नावर मुलं भांडतील, आणि भागाकार त्या भांडणातूनच निघेल.

भरतीचा घटक जरा सविस्तर बघू, कारण तिथे पद्धतीचं मर्म दिसतं. शिक्षकाने सूत्र आधी सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात नुसती नोंद: आज पाणी धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आलं, किती वाजता, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी कोणती. वेळ रोज पुढे सरकते हे मुलांच्या लक्षात येतं. किती सरकते? कोणी अर्धा तास म्हणेल, कोणी तास. मग घरी आजोबांना विचारून यायचं. कोळीवाड्यातला आजोबा, घरच्या बोलीत, हातवारे करत जे सांगेल ते मुलाने वर्गात त्याच बोलीत सांगायचं. प्रमाण मराठीत लिहिण्याची वेळ नंतर येते. आता पाऊणकी फळ्यावर येते, कारण आता तिची गरज पडली आहे.

आणि मग खरी गंमत. हिशोब आणि नोंदी तंतोतंत जुळत नाहीत. सूत्राप्रमाणे भरती रोज ४५ मिनिटं उशिरा यायला हवी, प्रत्यक्षात सरासरी ५० मिनिटांच्या आसपास येते. पौर्णिमेच्या सुमारास तर फरक सहज डोळ्यांत भरतो. नवखा शिक्षक इथे घाबरतो आणि नोंदी ‘दुरुस्त’ करायला लावतो. तसं केलं की घटक मेला. सूत्र चुकीचं नाही, कामापुरतं बरोबर आहे. डोल लावायला पुरतं, वेळापत्रक छापायला पुरत नाही. अंदाज आणि अचूक मोजमाप यांतला हा फरक दहा वर्षांच्या मुलाला इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच भेटेल. इथून चंद्राकडे जाता येतं, आणि जगाकडेही: कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक सोळा मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी तो जेमतेम जाणवतो. का?

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगायला हवी. नोंदी धक्क्यावरूनच, मोठं माणूस बरोबर असतानाच. शेजारच्या अक्सा किनाऱ्याने किती जणांना ओढून नेलंय हे मढच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मूल्यमापनाची आकारिक, म्हणजे मूल शिकत असतानाच नोंदी करण्याची, पद्धत राज्यात २०१० पासून आहे. कागदोपत्री आहे असं म्हणणं जास्त खरं. अनेक ठिकाणी नोंदवहीत ‘सहभाग चांगला’ हेच वाक्य वर्गातल्या सगळ्यांपुढे असतं. भरतीच्या घटकात लिहायला नेमकं काहीतरी असतं. अमुक मुलगी तोंडी पाऊणपट पटकन काढते, पण ‘सव्वाअकरा’ आकड्यात लिहिताना अडखळते. अमुक मुलगा तक्ता उत्तम करतो, कारण सांगायला मात्र बुजतो. पुढच्या आठवड्यात कोणाला काय द्यायचं ते या दोन ओळींतून ठरतं, शेऱ्यातून नाही.

परिसरावर बेतलेल्या शिक्षणावर एक आक्षेप रास्त आहे: कोळ्याच्या मुलाला मासळीतच कोंडणार का? कोंडायचं नाही; परिसर ही फक्त सुरुवात. शिवाय आज मढच्या वर्गातली सगळीच मुलं कोळ्यांची नाहीत. चित्रीकरणाच्या बंगल्यांवर राखणदारी करणाऱ्यांची, रिसॉर्टांत काम करणाऱ्यांची, घरी हिंदी बोलणारी मुलंही त्याच बाकावर बसतात. त्यांचा आजोबा बिहारमधल्या गावी असेल तर त्याला भरती नव्हे, नदीच्या पुराबद्दल विचारायचं. पाणी कधी चढतं हे त्यालाही ठाऊक असतं, आणि तो फोनवर सांगतो. वर्गात दोन प्रकारचं पाणी आलं की तुलना आपोआप सुरू होते.

राहता राहिला वेळ. असा घटक तीन आठवडे खातो. पण त्यात गणित, परिसर अभ्यास आणि मराठी अशा तिन्ही विषयांच्या तासिका धरल्या तर तोटा फारसा होत नाही. आराखडा करताना मोह होतो तो प्रत्येक धडा समुद्राला बांधण्याचा. तो टाळावा. मोठ्या संख्यांची हातच्याची बेरीज फळ्यावर, सरळ, भरपूर सरावाने शिकवावी. तिला बोंबील टांगायची गरज नाही.