व्हॉट्सअॅपवर आलेल्या सातबाऱ्यावर इसार देताय? आधी डिजिटल सही समजून घ्या

जमिनीचा व्यवहार निघाला की हल्ली समोरचा माणूस आधी सातबारा व्हॉट्सअॅपवर टाकतो. त्यावर डिजिटल स्वाक्षरी असल्याचं आणि सही-शिक्क्याची गरज नसल्याचं छापलेलं असतं. ते वाचून घेणारा निर्धास्त होतो आणि इसार देऊन बसतो. पण छापलेलं ते वाक्य म्हणजे सही नव्हे. मोबाईलवर ‘इतर अधिकार’मधला सोसायटीचा बोजा पुसायला पाच मिनिटं पुरतात, आणि वाक्य जागच्या जागी राहतं.

खरी सही पीडीएफ फाइलच्या पोटात असते. सही करताना संगणक संपूर्ण फाइलचा एक गणिती ठसा काढतो. फाइल एका पानाची असो की शंभर पानांची, ठसा ठरावीक लांबीचाच. फाइलमध्ये ‘२० आर’चे ‘२१ आर’ केले तरी ठसा पार बदलतो. सही करणाऱ्याकडे दोन किल्ल्यांची जोडी असते. गुप्त किल्ली वापरून ठशावर सही होते. जाहीर किल्ली कुणालाही मिळते आणि तिने सही फक्त तपासता येते. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणं आजच्या संगणकांना जमत नाही. या जोडीची कल्पना १९७६ सालची. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल सहीला मान्यता दिली.

गुप्त किल्ली ठेवायची कुठे? ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवकांची ‘डीएससी’, म्हणजे पेनड्राइव्हसारखं डोंगल, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्यात बॅटरी नसते. यूएसबीतून मिळणाऱ्या जराशा विजेवर आतली चिप सहीचं सगळं गणित करते. ठसा आत जातो, सही बाहेर येते, किल्ली मात्र बाहेर पडत नाही. एटीएम कार्डावरची सोनेरी चिपही याच जातीची, मशीनकडून वीज घेऊन काम करणारी. म्हणूनच डोंगल आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या हवाली करणं म्हणजे कोऱ्या चेकांवर सह्या करून देण्यासारखं आहे. गावोगाव हे सर्रास चालतं, आणि पैसे गेले की सही सरपंचाचीच निघते.

सही तपासणं हे करण्यापेक्षाही हलकं काम. आधार कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये अशीच सही असते. त्यासाठीच्या अधिकृत अॅपने ती साध्या मोबाईलवर, रेंज नसतानाही तपासता येते.

आता सातबाऱ्याकडे. पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर सही शाबूत राहते. स्क्रीनशॉट, फोटो किंवा झेरॉक्स काढली की सही गेली, उरलं नुसतं चित्र. मोबाईलवरची बरीच अॅप सही तपासतच नाहीत, त्यामुळे फाइल संगणकावर अॅडोबी रीडरमध्ये उघडावी. लाल फुली आली तर फाइलला हात लावू नका. सही झाल्यानंतर त्यात बदल झालेला असू शकतो. पिवळं प्रश्नचिन्ह आलं तर गोंधळ होतो. त्याचा अर्थ सातबारा खोटा आहे असा नाही, फक्त सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र त्या संगणकाच्या ओळखीचं नाही. बरेच जण कुणी सांगितलं म्हणून ‘ट्रस्ट’वर क्लिक करून हिरवी खूण आणतात. यात धोका आहे. भामट्यानं घरी बनवलेल्या प्रमाणपत्राची सहीसुद्धा आधी प्रश्नचिन्हच दाखवते, आणि ‘ट्रस्ट’ केल्यावर तीही हिरवी होते. म्हणून प्रमाणपत्र उघडून ते कुणाच्या नावावर आहे आणि त्याची साखळी वर ‘सीसीए इंडिया’पर्यंत जाते का, हे आधी पाहावं.

एवढा खटाटोप नको असेल तर महाभूमी पोर्टलवर गट नंबर टाकून १५ रुपयांत स्वतःच ताजा सातबारा काढावा. समोरच्यानं दिलेल्या उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांकही तिथे टाकून पाहता येतो. तारीख मात्र नीट वाचा. डिजिटल सही फाइल बदललेली नाही एवढंच सांगते. तीन महिन्यांपूर्वीचा उतारा शंभर टक्के अस्सल असेल, आणि त्यानंतर जमिनीवर बँकेचा बोजा चढलेलाही असेल. इसाराच्या दिवशी सकाळी काढलेला उतारा हातात असावा, सोबत फेरफारही पाहून घ्यावेत.