बाल्कनीत बाग लावण्यापूर्वी घरातल्या मांजराचा विचार

ऑक्टोबर उजाडला की कतारमध्ये बागेचा हंगाम सुरू होतो. उन्हाचा तडाखा ओसरतो, संध्याकाळी खिडक्या उघडाव्याशा वाटतात आणि लुसैलच्या मरीना किंवा फॉक्स हिल्स भागातील मराठी घरांत शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत कुंड्या, मातीच्या पिशव्या आणि रोपे येऊ लागतात. मुलांच्या हाताला माती लागावी आणि पोह्यांवर घरची कोथिंबीर पडावी, एवढीच माफक अपेक्षा असते. मात्र यांतील कित्येक घरांत आता मांजर किंवा लहानसा कुत्राही नांदत असतो, आणि चार पावलांच्या बाल्कनीत बाग व प्राणी यांना वेगळे ठेवणे अशक्य असते. शनिवारी सकाळी मांजर उलट्या करू लागले, खाईना, कोपऱ्यात बसून राहिले, की घरातली मंडळी प्रथम खाद्याच्या पाकिटावर संशय घेतात. संशय घ्यायला हवा तो आदल्या दिवशी आणलेल्या कुंडीवर किंवा पुष्पगुच्छावर.

मांजरांच्या बाबतीत सर्वांत घातक वनस्पती म्हणजे लिली. येथे नावांचा घोळ नीट समजून घ्यायला हवा, कारण मराठीत आपण अनेक फुलांना सरसकट लिली म्हणतो. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या पाकळ्यांची, लांब परागकेसरांची खरी लिली आणि तिच्यासारखीच दिसणारी डे-लिली या दोन्ही मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. पान चघळायलाही नको. अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले तरी पुरते. याउलट पीस लिली नावाने विकले जाणारे रोप लिली कुळातले नाहीच. त्याने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जिवावर सहसा बेतत नाही.

खऱ्या लिलीच्या विषबाधेचा क्रम फसवा असतो. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि मांजर सावरल्यासारखे दिसते. मूत्रपिंडांचे नुकसान मात्र आत चालूच राहते व एक ते तीन दिवसांत उघड होते. शिरेतून द्रव देण्याचे उपचार साधारण पहिल्या अठरा तासांत सुरू झाले तर वाचण्याची शक्यता चांगली असते. गुरुवारी रात्री पाहुण्यांनी फुले आणली, शुक्रवारी मांजराने ती चघळली आणि ‘रविवारी ऑफिस सुटल्यावर दाखवू’ असे ठरले, तर ही मुदत कधीच टळून गेलेली असते.

कुत्र्यांसाठी धोक्याची यादी वेगळी आहे, आणि तिच्यात ओळखीची नावे बरीच भेटतात. आखातातील रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी सर्रास लावली जाणारी कण्हेर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. तिची पाने, फुले, फांद्या, सगळेच विषारी. कुंडीत रुबाबदार दिसणारे अडेनियम आणि मराठी घरांत हौसेने रुजवली जाणारी पानफुटी यांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये रुई, कण्हेर आणि धोतरा या तिन्ही विषारी वनस्पतींना मान आहे. पूजेनंतरचे निर्माल्य कुत्र्याच्या तोंडी लागेल असे ठेवू नये, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको.

रोपवाटिकेत ‘पाम’ म्हणून दोन अगदी भिन्न झाडे मिळतात. अरेका पाम निरुपद्रवी आहे. सागो पाम, म्हणजे सायकस, हा खरा ताडवर्गीय नाहीच. त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, कुत्र्याचे यकृत निकामी करतात. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी रोपाचे शास्त्रीय नाव विचारून घ्यावे आणि ते फोनमध्ये नोंदवून ठेवावे. मनीप्लांटसारख्या रोपांतील सूक्ष्म स्फटिकांनी तोंड पोळते. लाळेचा तो प्रकार पाहून घाबरगुंडी उडते खरी, पण धोका लिली-सायकसच्या जवळपासही नसतो.

रोपांइतकाच प्रश्न मातीचा आहे. लुसैल हे वाळवंटी किनाऱ्यावर वसवलेले शहर. तेथील मूळ जमीन रेताड आणि चुनखडीयुक्त, तर घरातले नळाचे पाणी गोडे केलेले समुद्राचे. साहजिकच सारा भर विकतच्या मातीवर आणि खतांवर येतो. महाराष्ट्रातून आलेली मंडळी सवयीने निंबोळी आणि एरंडीची पेंड शोधतात. निंबोळी ठीक, पण एरंडीच्या बियांत रिसिन हे तीव्र विष असते. पेंडीवर पुरेशी प्रक्रिया झाली नसेल तर ते तिच्यात शिल्लक राहते, आणि कुत्र्यांना ही पेंड चविष्ट लागते. पाळीव कुत्रा असलेल्या घरात एरंडीची पेंड आणूच नये, हे उत्तम.

श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोगांपासून प्रेरणा घेऊन स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग फुलवणारी अनेक मराठी घरे आहेत. ती पद्धत बाल्कनीतही चालते, फक्त डब्याला घट्ट झाकण हवे. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात. बुरशी आलेल्या पोळी-पावाने झटके येऊ शकतात. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना का बाधतात, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असते. आमटीतला चिंचेचा चोथा म्हणूनच उघड्या डब्यात पडू नये.

माव्यावर फवारणी करायची असेल तर औषधाच्या बाटलीवरील घटक वाचावेत. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला सहसा चालते, मांजराला मात्र जीवघेणे ठरते. दोन्ही प्राणी एकाच घरात असले की कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराच्या अंगाला लागूनही अनर्थ होतो.

उंच इमारतींत आणखी एक गोष्ट विसरली जाते: कठड्याला लागून मांडलेल्या कुंड्या म्हणजे मांजरासाठी, आणि रांगत्या मुलांसाठीही, आयत्या पायऱ्या. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून उपचारांसाठी आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद टक्के मांजरे वाचली होती. हा आकडा दिलासा म्हणून वारंवार सांगितला जातो, पण जी पडताक्षणीच मेली ती रुग्णालयात आणलीच गेली नव्हती. कुंड्या आतल्या भिंतीकडे आणि कठड्याला जाळी, हा उपाय स्वस्त आहे.

मग लावायचे काय? मेथी, कोथिंबीर, तुळस, कढीपत्ता आणि गुलाब यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मांजरासाठी वेगळ्या कुंडीत गहू पेरावा. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे मांजर त्या कोवळ्या अंकुरांवर कसे टपून बसते हे सांगायला नको. हे अंकुर त्याला बाधत नाहीत, आणि हिरवे चघळण्याची हौस तेथे भागली की इतर कुंड्या बऱ्याच अंशी वाचतात. एप्रिलनंतर यांतले फार थोडे तग धरते, तेव्हा सारी घाई मार्चपर्यंतची.

एवढे करूनही प्राण्याने काही खाल्लेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये; त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. तोंडातले तुकडे काढावेत, रोपाचे छायाचित्र घ्यावे, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि प्राण्याचे वजन लिहून लगेच पशुवैद्याला फोन करावा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. शुक्रवारी सकाळपासून दुपारच्या नमाजापर्यंत कतारमधील बहुतेक व्यवहार बंद असतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तेथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, याची चौकशी रोपे आणण्यापूर्वीच्या आठवड्यात करून तो क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा.