ईदी, आकाशपाळणा आणि पैसे वसूल

वीस रोजे झाले की आमच्या घरी इफ्तारच्या दस्तरखानावर एक वाद ठरलेला असतो. खजूर तोंडात असतानाच धाकटा विचारतो, "अम्मी, ईदला मेळ्यात जायचं ना?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंचा फैसला येतो, "चार मिनट के अस्सी रुपये? इसराफ है ये, इसराफ!"

इसराफ म्हणजे उधळपट्टी. रमजानच्या महिन्यात हा शब्द आमच्या घरात फार ऐकू येतो. ताटात भजं उरलं तरी इसराफ, नळ वाहता राहिला तरी इसराफ. सासूबाईंचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण धाकट्याचंही चूक वाटत नाही. वर्षभर अभ्यास, ट्यूशन आणि घर. ईदच्या दिवशी हातात ईदी पडते, ती घेऊन मुलानं पाळण्यात बसायचं नाही तर काय मुदत ठेवीत टाकायची?

म्हणून यंदा मी गेल्या वर्षीची डायरी काढली. मास्तरकीची सवय, खर्च लिहून ठेवलेला असतो. गेल्या ईदला संध्याकाळी आम्ही चौघं मैदानावर लागलेल्या मेळ्यात गेलो होतो. प्रवेश प्रत्येकी 30 प्रमाणे 120. आकाशपाळणा चौघांचे 320. दोन्ही मुलांचा ब्रेक डान्स 160. मौत का कुआँ 200. धाकट्याचं हवेच्या गादीवर उड्या मारणं 60. भेळ आणि बर्फाचा गोळा 180. बंदुकीने फुगे फोडणं 40, गाडी लावायचे 20. एकूण 1100 रुपये.

आता वसुलीचं बघू. पाळणा चार मिनिटं फिरला, म्हणजे एका माणसाला मिनिटाला वीस रुपये पडले. दीडशे रुपयांच्या तिकिटात अडीच तासांचा सिनेमा बघितला, तर मिनिटाला एक रुपया पडतो. या हिशेबाने पाळणा सिनेमाच्या वीसपट महाग. सासूबाई जिंकल्या!

महाग का असतो?

पण पाळणेवाल्याच्या बाजूनेही एकदा हिशेब करून बघा. तो अख्खा पाळणा ट्रकमधून आणतो. जमिनीवर ठोकळे ठेवून, एकेक नट आवळून उभा करतो, काही दिवसांनी तसाच खोलून पुढच्या गावाला नेतो. जागेचं भाडं किंवा लिलाव, परवानग्या, जनरेटरचं डिझेल, कामगारांचं जेवण आणि मजुरी. कमाई मात्र संध्याकाळच्या चार-पाच तासांतच. एक वळवाचा पाऊस आला की त्या दिवसाचा गल्ला गेला. मोठ्या मेळ्यांच्या तिकिटात जीएसटीही असतो. 2018 च्या जानेवारीत तो 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला.

आणि "पाळणा महाग" ही तक्रार आपलीच नाही, पाळण्याइतकीच जुनी आहे. जगातला पहिला राक्षसी आकाशपाळणा जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने 1893 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात उभारला. उंची 264 फूट. त्याच्या दोन फेऱ्यांचं तिकीट होतं 50 सेंट, आणि अख्ख्या प्रदर्शनाचं प्रवेश तिकीटही 50 सेंटच. म्हणजे सगळं जग बघायला जेवढे पैसे, तेवढेच दोन चकरांना. तरी लोक रांग लावून बसले.

आपल्या जिल्ह्यातली जत्रा

आपल्या नगर जिल्ह्याला मेळ्याचं कौतुक नवं नाही. नवरात्रात केडगावच्या देवीला आणि मोहट्याला गर्दी, मोहरममध्ये कोठल्यात सवाऱ्यांच्या दर्शनाला सगळ्या जातीधर्मांचे लोक. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा. शिर्डीच्या रामनवमीचंच बघा. 1897 मध्ये तिथे उरूस भरवायची कल्पना निघाली ती कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या मनात. साईसच्चरितात याची हकीकत आहे. परवानगी मिळवताना गावच्या कुलकर्ण्यांचा विरोध झाला, नामंजुरी आली, पुन्हा खटपट करून मंजुरी आणली. पाण्याची पंचाईत होती. पुढे त्याच दिवशी नगरच्या दामुअण्णा कासारांचं निशाण निघू लागलं आणि कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर यांचा संदलही. कुस्त्या झाल्या, दुकानं लागली. मेळा म्हटला की परवानगी, पाणी आणि दुकानं यांची काळजी तेव्हाही होती.

यंदा होळी, रंगपंचमी आणि गुढीपाडवा तिन्ही रमजानच्या महिन्यात आले. म्हणजे पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या यात्रेचे तिन्ही टप्पे आमच्या रोज्यांतच. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. वर्षभर पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या समाजांची तिथे गाठ पडायची, सोयरिकी ठरायच्या, गाढवांचा बाजार भरायचा. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या स्थानाची कान्होबा आणि शाह रमजान माही सवार अशी दोन्ही नावं नोंदलेली आहेत. 2025 च्या यात्रेआधी तिथे दुकानं कुणी लावायची यावरून वाद झाला, तो आपण सगळ्यांनी वाचला. त्यात आज शिरत नाही. एवढंच म्हणते की मढीची रेवडी आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या येते आहे आणि ती कुणाच्या पाटीतून घेतली हे आमच्या घरात कुणी कधी विचारलेलं नाही.

जत्रेतून आपण घरी काय आणतो याचा विचार केला, तर चार मिनिटांची चक्कर त्यात फार थोडी असते. शेजारीपाजारी भेटतात, जुना विद्यार्थी "मॅडम, ओळखलं का?" म्हणत पुढे येतो, बांगड्यांच्या दुकानात अनोळखी बाई आपल्या लेकीच्या हाताचं माप सांगते. बघणं आणि फिरणं फुकट असतं. म्हणून मी सासूबाईंना म्हणाले, "पाळणा महाग आहे, मेळा नाही."

असं मला वाटत होतं. पण डायरीत त्या 1100 च्या खाली मी एक ओळ लिहून ठेवली होती, ती मी विसरले होते.

"काकू, मला चक्कर येते"

गेल्या ईदला आमच्यासोबत पाचवा एक जण होता. धाकट्याच्या वर्गातला मित्र, शेजारच्याच गल्लीतला. त्याचे वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला, आई घरी शिवणकाम करते. सकाळी शीरखुर्मा प्यायला आला, तो संध्याकाळी मुलांबरोबर मेळ्यातही आला. प्रवेशाचे पैसे मी देत होते, तेवढ्यात त्याने स्वतःच्या मुठीतली नोट पुढे केली. पन्नासची होती. तीस गेले, वीस उरले.

पाळण्याच्या रांगेत मी त्याला म्हटलं, "चल रे." तो म्हणाला, "काकू, मला चक्कर येते." ब्रेक डान्सला तेच. मौत का कुआँच्या शिडीजवळ तेच. तो खाली कठड्याला टेकून उभा राहिला, माझ्या मुलाची चप्पल आणि अर्धा गोळा सांभाळत. मी मनात म्हटलं, असतो एखाद्याला त्रास.

घरी आल्यावर धाकटा झोपता झोपता म्हणाला, "अम्मी, त्याला चक्कर कशी येते? शाळेमागच्या चिंचेच्या शेंड्यावर तर तोच चढतो."

त्या रात्री मी डायरीत लिहिलं होतं : "चक्कर त्याला येत नव्हती. दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही."

हमीदचे तीन पैसे

कॉलेजात मी उर्दू शिकवते. प्रेमचंदांची "ईदगाह" ही कथा शिकवून किती वर्षं झाली, मोजलेली नाहीत. मराठी वाचकांनाही ती हिंदीच्या पुस्तकातून माहीत आहे. अनाथ हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्यात जातो. मित्र लाकडी घोड्यांच्या चरखीवर बसतात, एका पैशात पंचवीस चकरा. हमीद बसत नाही. एवढ्याशा चकरांसाठी आपल्या खजिन्याचा तिसरा हिस्सा कसा द्यायचा? शेवटी तो आजीचे हात भाजू नयेत म्हणून तीन पैशांत चिमटा घेतो. दर वर्षी मी फळ्यावर लिहिते : सब्र, त्याग, आजीवरची माया.

यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मोहसिनजवळ पंधरा पैसे होते. त्यातला एक हमीदसाठी दिला असता तर?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. गोष्टीत तोच मोहसिन हमीदला रेवडी देतो म्हणून हात पुढे करतो आणि आपल्याच तोंडात टाकतो. इतकी वर्षं मी हमीदचं कौतुक शिकवलं आणि मोहसिनला कधी प्रश्न विचारला नाही. गेल्या ईदला तर मोहसिनची अम्मी मीच होते.

आमच्याकडे ईदची नमाज होण्याआधी फित्रा द्यायचा असतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरलेल्या मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरजवंताला द्यायची, आणि ती नमाजच्या आधीच. हेतू हा की ईदच्या दिवशी कुणाला दारोदार मागावं लागू नये. मेळ्यातल्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मुलाचा हिशेब मात्र आपण गव्हात आणि खजुरात धरत नाही. पोट भरलं, म्हणजे ईद झाली असं समजतो. खेळ बघणं ईदच्या विरोधात नाही. ईदच्या दिवशी हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ चालला असताना पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांना तो मन भरेपर्यंत बघू दिला, ही हदीस प्रसिद्ध आहे. आणि खर्चाबाबत कुरआनाची शिकवण मधल्या वाटेची आहे, उधळायचं नाही आणि हात आवळूनही धरायचा नाही. सासूबाईंना ही दुसरी बाजू मी आठवण करून दिली. त्या गप्प बसल्या नाहीत, पण आवाज जरा खाली आला.

यंदाचा बेत

तर मेळ्यावर खर्च करावा का? माझं उत्तर आहे, करावा. पण आधी ठरवून.

खिशातली रक्कम घरीच ठरवा. प्रत्येकाला दोन खेळ, मग ते कोणते हे मुलांनाच निवडू द्या. ती निवड करतानाच मुलं हिशेब शिकतात. काही मेळ्यांत आता पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. उरलेले पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा आणि थोडेच भरा. ईदच्या संध्याकाळी फार गर्दी असते, बासी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी गेलात तर रांग कमी.

बसण्याआधी पाळण्याची एक फेरी खालून बघा. समोरची आडवी दांडी नीट लागते का, चालवणारा माणूस प्रत्येकाची कडी तपासतो का, लहान पोरांना उंचीच्या खेळात घेतात का. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच मनोरा-झोपाळा माणसांसकट खाली कोसळला आणि अनेक जण जखमी झाले. शंका आली तर तिकिटाचे पैसे गेले असं समजून उतरा. तो इसराफ नाही.

आणि तिसरी गोष्ट. आमच्या फळीवर साखरेचा एक रिकामा डबा ठेवला आहे, झाकणाला फट पाडलेला. ईदच्या दुपारी गल्लीतल्या ज्या पोरांना मेळ्यात यायचंय त्यांनी त्यात आपापल्या मनाने पैसे टाकायचे. कुणी किती टाकले हे कुणी बघायचं नाही. मग डबा उघडून सगळ्यांना सारखी तिकिटं. कमी पडले तर वरचे घरचे.

त्या मित्राच्या आईला सांगायला मी स्वतः गेले. बोलताना अवघडले होते, उपकार केल्यासारखं वाटू नये म्हणून. तिने मशीन थांबवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, डब्यात सगळेच टाकणार ना? मग आमचंही टाकू." कपाटावरच्या डबीतून दहाची नोट काढून तिने मुलाच्या हातात दिली. "आत्ताच टाकून ये."

तो आला, नोट घडी करून फटीतून आत सारली. मी विचारलं, "काय रे, चक्कर येते ना तुला?"

तो चपला शोधत म्हणाला, "बघू काकू, वर गेल्यावर कळेल."

सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. तो गेल्यावर त्यांनी कमरेची बटवी सोडली आणि मला म्हणाल्या, "वो डब्बा जरा इधर दे."