टक-टक, टक-टक!

आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांचा घोड्याशी संबंध ७४६ वॅटपुरता! माझाही तेवढाच होता. पण सेकंड इयरच्या सुट्टीत एका रायडिंग क्लबात नाव घातलं आणि वाट्याला आली एक तपकिरी घोडी. तिची दुडकी चाल म्हणजे आपल्या मेसची पोळी, प्रत्येक वेळी नवा आकार! दहा पावलं घाईत, चार रेंगाळत. माझी हाडं खिळखिळी.

आधी थोडी थिअरी. साध्या चालीत चारही पाय एकेक करून पडतात, म्हणजे चार ठोके. दुडकीत तिरक्या जोड्या पडतात : उजवा पुढचा आणि डावा मागचा एकदम, मग उरलेले दोन. झाले दोन ठोके. कँटरमध्ये तीन. ठोके घड्याळासारखे पडले, की चाल चांगली.

गोम अशी, की उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात आपण पाठीवर बसतो. मग तोल सावरायला घोडा पळत सुटतो. म्हणून चाल सुधारायची म्हणजे वेग वाढवायचा नाही, तर मागचे पाय पोटाखाली आणून त्यांना जास्त भार घ्यायला शिकवायचं.

उस्तादांनी त्यासाठी तीन गोष्टी करून घेतल्या. वीस मीटर व्यासाचं वर्तुळ, दोन्ही दिशांनी. थोडी दुडकी, थोडी साधी चाल, पुन्हा दुडकी. आणि जमिनीवर साधारण सव्वा मीटर अंतराने ठेवलेल्या चार बांबूंवरून दुडकी. हे अंतर घोड्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त करायचं. बांबू असले की घोडी आपोआप पाय उचलते आणि मोजून टाकते. मात्र लगाम ओढून मान वाकवायची नाही! तोंड दुखलं की पाठ ताठ होते आणि मागचे पाय पुढे येतच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात चाल पुन्हा बिघडली. मला वाटलं, घोडी आळस करतेय. मी टाच मारली, परत मारली.

"उतर खाली!" उस्ताद ओरडले. "डोकं बघ तिचं!"

त्यांनी तिला दोरीवर पळवलं. डावा पुढचा पाय टेकला, की दर वेळी डोकं वर जात होतं. दुखऱ्या पायावर भार नको, म्हणून घोडा असं करतो. खूर उचलून पाहिला, तर नालेच्या कडेला खडा रुतलेला. आणि मी वरून टाचा मारत होतो!

आठवडाभर तिच्यावर कोणी बसलं नाही. मी रोज फक्त खूर साफ करायला जायचो. पहिले दोन दिवस तिने पाय दिलाच नाही. तिसऱ्या दिवशी दिला.

सुट्टी संपता संपता एक अख्खं वर्तुळ आम्ही टक-टक, टक-टक असं एका तालात पूर्ण केलं. तर मंडळी, कधी घोड्यावर बसलात आणि चाल बिघडली, तर टाच मारू नका. आधी उतरा आणि खूर बघा.