उलट्या पावलाचं भूत

दसरा उलटला की वसई-विरारच्या नव्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हॅलोविनची सूचना फिरू लागते आणि दोन वर्षांच्या मुलांचे आईबाप काळा झगा शोधत बाजारात निघतात. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडायचं आणि संध्याकाळी भूत व्हायचं, असा तो दिवस गेला.

वसईच्या ख्रिस्ती गावांना मात्र हे दिवस परके नाहीत. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा. त्या दिवशी माणसं फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात. हॅलोविन हे नावच संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळवरून पडलं. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये त्या रात्री सलगम कोरून दिवा करत, अमेरिकेत गेल्यावर त्याच्या जागी भोपळा आला. तेव्हा मुलांबरोबर भूत, भोपळा आणि कोळ्याचं जाळं यांची चित्रं करायला आपण स्वयंपाकघरातलं आणि वाडीतलं सामान घेतलं तर काही बिघडत नाही.

आधी खळ करून ठेवा. एक मोठा चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत पांढरं पाणी दाटून काचेसारखं होऊ लागतं. पिठाचे कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, त्यातून चिकटपणा येतो. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, घालू नका. आपली खळ दोन दिवसांत आंबेल, तेव्हा टाकून द्यायची.

आता भूत. त्याचा रंग आपल्याच जिल्ह्यातला आहे. वारली चित्रकार गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेघा काढतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरची चित्रं कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. नुसतं पीठ आणि पाणी सुकल्यावर झडून जातं, म्हणून त्यात डिंक लागतो. आपण डिंकाऐवजी चमचाभर खळ घालू. दोन चमचे तांदळाची पिठी, त्यात ही खळ आणि पातळ ताकाइतकं सैल होईल एवढं पाणी.

ताटलीत जुन्या पंच्याची चौपदरी घडी ठेवा आणि त्यावर हे पाणी ओता. मुलाला पाटावर बसवा, उभं करू नका. ओल्या पावलाने फरशीवर घसरायला क्षणही लागत नाही. कुंचल्याने तळवा रंगवायला गेलात तर गुदगुल्या होऊन मूल पाय ओढून घेतं. पंच्यावर पाय ठेवायला सांगा, मग तोच पाय समोरच्या काळ्या कागदावर. घोटा धरून हलकेच दाबा आणि सरळ वर उचला.

कागदावर फारसं काही दिसणार नाही, नुसता राखाडी ओलावा. रंग पातळ झाला असं वाटून दुसरा थर देऊ नका. ओलं असताना पिठाच्या कणांमधल्या जागेत पाणी असतं, उजेड त्यातून बराचसा आरपार जातो आणि खालचा काळा कागद दिसत राहतो. पाणी उडालं की त्या जागेत हवा शिरते, उजेड कणाकणावरून उसळतो आणि पाऊल पांढरं दिसू लागतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात गॅलरीत ठेवलं तर थोड्याच वेळात भूत उगवतं. मुलाला मजा येते ती याचीच. पाय टेकवण्याची नव्हे.

मग कागद उलटा धरा. टाच वर गेली की तेच डोकं, आणि खाली बोटांची झालर. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. इथे उलटा पाय हेच भूत! डोळ्यांचे दोन ठिपके मुलालाच काढू द्या. एक टाचेवर, दुसरा कागदाच्या कोपऱ्यात पडेल. पडू दे. पाय बुडवायला मूल तयार नसेल तर गौरीची पावलं उठवतो तशी मुठीची कड टेकवून घ्या, भूत जरा बुटकं होईल इतकंच.

भोपळा हळदीचा. जाड पांढऱ्या कागदावर मोठा गोल काढून द्या. पाव चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवा आणि कापसाच्या बोळ्याने तो गोल मुलाला रंगवू द्या. सुकला की दुसऱ्या वाटीत पाव चमचा खायचा सोडा पाण्यात विरघळवा. त्या पाण्यात बुडवलेलं बोट पिवळ्यावर टेकलं की तिथे तांबूस डाग उमटतो. असे डोळे, असं तोंड. हळदीतला रंग क्षारात लाल होतो. चुना मिसळून हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे. वर लिंबू पिळलं तर डाग पुन्हा पिवळा पडतो, पण लिंबू मुलाच्या हाती देऊ नका, डोळ्यांत जाईल. फरशीवर वर्तमानपत्र आणि अंगात जुना सदरा हवाच.

जाळं सर्वांत सोपं. वाडीवरून भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींकडे केळीच्या पानाचा जाड दांडा मागा. तो आडवा कापला की आत पोकळ कप्प्यांची जाळी दिसते. उरलेल्या पिठीत बुडवून छाप उठवा. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, म्हणून कापायचं काम तुमचं आणि कापल्यावर दांडा फडक्याने पुसून द्यायचा.

साधारण अडीच वर्षांचं मूल एका बैठकीत पाच-सात मिनिटं टिकतं. भूत सकाळी, भोपळा दुपारी, जाळं दुसऱ्या दिवशी असं ठेवा. दुकानात मिळणारे हलते प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरात आणूच नयेत, ते घशात अडकतात. त्याहून वाईट त्या बॅटरीच्या पणत्या. कित्येकांत बटणासारखा चपटा सेल असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती पणती परत द्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

चित्रं दारावर लावताना खाली लावा, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. तांदूळ आणि मैदा दोन्ही मुंग्यांच्या आवडीचे असल्यामुळे भूत आठेक दिवसच टिकतं. आमच्याकडे तर त्याचा एक डोळा मुंग्यांनी चौथ्या दिवशीच नेला.